माणूस कागदावर उभा राहीना
वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

या अंकासाठी आलेल्या पत्रांत मानवाकृतीविषयीचे प्रश्न इतके होते, की हा सगळा स्तंभ त्यांनाच दिला आहे. सारख्या शंका एकत्र केल्या आहेत. नावं गाळली आहेत, गाव-पेठ तेवढी ठेवली आहे.

प्रश्न : वय 41. शाळा सुटल्यावर पेन्सिल हातात धरली ती हिशेबापुरतीच. आता माणसांची चित्रं काढायला शिकायचं आहे. चेहरा एकवेळ जमतो, अख्खा माणूस काही जमत नाही. सुरुवात कुठून करू, सामान काय आणू? (शाहूपुरी)

उत्तर : चेहऱ्यापासून सुरुवात करता, म्हणूनच अख्खा माणूस जमत नसणार. डोळे, नाक, ओठ यांत अर्धा तास जातो आणि मग उरलेलं शरीर त्या चेहऱ्याला कसंबसं चिकटवलं जातं. पहिला महिना चेहरा काढूच नका. डोकं म्हणजे एक अंडाकार, बस्स.

सामान थोडं लागतं. 2बी आणि 4बी पेन्सिल (एचबी कठीण असते, रेघ फिकी येते आणि मग माणूस दाबून काढायला लागतो), ए-3 आकाराचा न्यूजप्रिंट (वर्तमानपत्राचा कोरा) कागद, साधारण 15 × 20 इंचांचा हार्डबोर्ड आणि दोन क्लिपा. न्यूजप्रिंट पिवळा पडतो, पण ही चित्रं जपून ठेवायची नाहीतच. जुन्या कॅलेंडरची पाठ वापरू नका. गुळगुळीत कागदावर शिसं घसरतं, काळोखी येत नाही. टोक शार्पनरने न करता ब्लेडने करा आणि शिसं सेंटिमीटरभर उघडं ठेवा, म्हणजे तीच पेन्सिल आडवी धरून रुंद छटाही देता येते. पेन्सिल तळव्याखाली आडवी धरायला शिका. लिहितो तशी धरली की फक्त मनगट फिरतं आणि रेघ दोन इंचांत संपते. आडव्या पकडीत हात खांद्यातून फिरतो, डोक्यापासून टाचेपर्यंतची रेघ एका दमात येते.

रोज अर्धा तास द्या. एका मिनिटाची दहा रेखाटनं, दोन मिनिटांची पाच, शेवटी दहा मिनिटांचं एक. एका मिनिटात काय काढायचं? आधी डोक्याचा अंडाकार, मग मानेपासून कण्याची एक वळणदार रेघ, खांद्यांची आडवी रेघ, कमरेच्या हाडांची आडवी रेघ आणि ज्या पायावर भार आहे त्या पायाची जमिनीपर्यंतची रेघ. वेळ उरला तर दुसरा पाय, मग हात. हा क्रम मोडून कानापासून बाह्यरेषा काढत खाली आलात, तर मिनिट संपेल तेव्हा तुम्ही छातीपाशी असाल आणि माणूस उभा आहे की बसला आहे हेही कागदावर कळणार नाही.

माणसं कोल्हापूरच्या मध्यवर्ती बसस्थानकावर मिळतील. गाडीची वाट बघणारा माणूस कंटाळून एका पायावर भार टाकतो आणि बराच वेळ तसाच राहतो. रंकाळ्यावर फिरणारे, लक्ष्मीपुरीच्या बाजारात बसलेल्या भाजीवाल्या मावशी हा पुढचा टप्पा. कुणी हटकलं तर चित्र दाखवा, नको म्हणालं तर पान उलटा.

खोडरबर पहिले पंधरा दिवस घरीच ठेवा. चुकलेली रेघ समोर असली तरच बरोबर रेघ तिच्यापासून किती सरकवायची हे कळतं.

प्रश्न : डोकं मोठं होतं आणि पाय कागदाबाहेर जातात. दर वेळी! (इचलकरंजी)

उत्तर : याची दोन कारणं आहेत आणि बहुतेकांच्या बाबतीत दोन्ही एकदम असतात.

पहिलं, माप न घेता वरून सुरुवात. प्रौढ माणसाची उंची त्याच्याच डोक्याच्या साधारण साडेसात पट असते. पुस्तकांत आठ पट दाखवतात ती देखणेपणासाठी केलेली उंची, बसस्थानकावर ती क्वचित भेटते. ए-3 कागद उभा धरला की 42 सेंटिमीटर असतो. वरून 6 आणि खालून 6 सोडा. उरलेल्या 30 सेंटिमीटरच्या दोन्ही टोकांना खूण करा, ही टाळू आणि ही टाच. म्हणजे डोकं 4 सेंटिमीटरचं झालं. आता टाळूच्या खुणेपासून खाली मोजा : 4 वर हनुवटी, 8 वर स्तनाग्रांची रेषा, 12 वर बेंबी, 15 वर जांघांचा फाटा. उंचीचा मध्य कमरेत नसतो, तो या फाट्यापाशी असतो. नवशिक्यांचे पाय आखूड होतात ते इथेच, कारण पँटचा पट्टा दिसतो आणि डोळा त्यालाच मध्य समजतो. गुडघ्याची वाटी तळापासून साधारण साडेआठ सेंटिमीटरवर येते. हात सरळ सोडला तर कोपर बेंबीच्या आसपास, मनगट फाट्याच्या पातळीला आणि बोटांची टोकं मांडीच्या मध्यापर्यंत. हे आकडे पाठ करा, पण समोरच्या माणसावर लादू नका. तो सव्वासात डोक्यांचा असेल तर तसाच काढा.

दुसरं कारण कागद आडवा ठेवणं. मांडीवर किंवा टेबलावर सपाट ठेवलेल्या कागदाची वरची कड डोळ्यापासून लांब असते, त्यामुळे वरचा भाग आखडलेला दिसतो. तो नीट दिसावा म्हणून हात नकळत डोकं आणि छाती ताणून काढतो. कागद उभा केला की मुंडी भोपळ्याएवढी! बोर्डाची खालची कड मांडीवर टेकवून वरची कड खुर्चीच्या पाठीला लावा, नजर कागदाच्या मध्यावर काटकोनात पडायला हवी.

माप घेताना पेन्सिल धरलेला हात पूर्ण ताठ ठेवा आणि एक डोळा मिटा. पेन्सिलीचं टोक टाळूवर, अंगठ्याचं नख हनुवटीवर. तेच माप खाली उतरवत न्या. कोपर किंचितही वाकलं तर माप बदलतं, ‘एकदा सात येतात, एकदा नऊ’ ही तक्रार त्यामुळेच असते. आणि लांब बसा, उभ्या माणसापासून किमान 12 ते 15 फूट. चार फुटांवरून पाहिलं तर चेहरा समोरून आणि पावलं वरून दिसतात. मग चित्र चुकतं आणि दोष मापाला दिला जातो.

प्रश्न : मी नववीत आहे, चित्रकलेच्या इंटरमिजिएट परीक्षेला बसणार आहे. स्मरणचित्रात माणसं काढली की सगळी एकसारखी दिसतात. सर म्हणतात, लहान मुलं ‘बुटकी माणसं’ वाटतात. गर्दी काढली तर काही जण हवेत तरंगतात. (कागल)

उत्तर : तुझ्या तिन्ही अडचणींवर उपाय आहेत आणि पेपरच्या मोजक्या वेळातही ते वापरता येतात.

मुलं बुटकी माणसं वाटतात, कारण तू मोठ्या माणसाचं प्रमाण ठेवून फक्त आकार कमी करतोस. एक वर्षाचं मूल साधारण 4 डोक्यांचं, तीन-चार वर्षांचं 5 डोक्यांचं, सात-आठ वर्षांचं 6 डोक्यांच्या आसपास, बारा वर्षांचं 7 च्या जवळपास. म्हणजे मूल जितकं लहान तितकं डोकं शरीराच्या मानाने मोठं आणि पाय आखूड. चेहऱ्यातही फरक असतो. मोठ्यांचे डोळे डोक्याच्या उंचीच्या मध्यावर असतात, लहान मुलाचे त्या मध्याच्या जरा खाली. कपाळ मोठं, मान बारीक.

तरंगणाऱ्या माणसांसाठी क्षितिजरेषा काढ. जमीन सपाट असेल आणि तू उभा राहून पाहतोयस असं चित्र असेल, तर जवळच्या काय नि लांबच्या काय, सगळ्या उभ्या मोठ्या माणसांचे डोळे त्या एकाच रेषेवर येतात. बदलतात त्यांची पावलं. जवळच्याची कागदावर खाली, लांबच्याची वर. आधी रेषेवर पाच-सहा डोकी लहानमोठी मांड आणि प्रत्येकाचं शरीर त्याच्या डोक्याच्या साडेसात पट खाली उतरव, पावलं आपोआप जागेवर पडतात. पाहणारा खुर्चीवर बसलेला असेल तर ही रेषा उभ्या माणसांच्या छातीवरून जाईल, जमिनीवर मांडी घातलेला असेल तर जांघेजवळून. पंचगंगेच्या घाटासारख्या पायऱ्यांवर मात्र हा नियम चालत नाही. तिथे प्रत्येक पायरीची जमीन वेगळी.

बसलेली माणसं घाल, चित्र लगेच बदलतं. खुर्चीवर बसलेला माणूस जमिनीपासून साडेपाच ते सहा डोकी, मांडी घालून बसलेला 4 डोकी, उकिडवा बसलेला तेवढाच किंवा किंचित कमी. मांडी घालून बसलेल्याचे गुडघे खांद्यांपेक्षा बरेच बाहेर जातात, हे विसरू नकोस. चालणाऱ्या माणसाचा उजवा पाय पुढे असेल तर डावा हात पुढे जातो. परीक्षेच्या घाईत एकाच बाजूचा हात आणि पाय पुढे काढणारे दर वर्षी असतातच.

एकसारखेपणाला मात्र युक्ती नाही. महिनाभर रोज शाळेच्या वाटेवर एक माणूस नीट बघ आणि घरी जाऊन पाच मिनिटांत आठवून काढ. दुसऱ्या दिवशी तोच माणूस परत बघ आणि काय आठवलं नव्हतं ते तपास. पेपरचं नावच स्मरणचित्र आहे.

प्रश्न : माप बरोबर असतं. तरी माझी माणसं पडायला आल्यासारखी दिसतात. (गडहिंग्लज)

उत्तर : ओळंबा वापरा. गवंड्याकडचा नको, दोऱ्याला किल्ली बांधली तरी चालते. गळ्याच्या खाली दोन्ही कॉलरबोनच्या मध्ये जी खाच असते, तिथून दोरा सरळ खाली सोडलाय असं समजा. माणूस एका पायावर भार देऊन उभा असेल तर तो दोरा त्या पायाच्या घोट्यापाशी पडतो. दोन्ही पायांवर सारखा उभा असेल तर दोन पावलांच्या मधोमध. कागदावर हा दोरा पावलांच्या बाहेर पडला की आकृती कलंडलीच. कठड्याला टेकलेला, धावणारा माणूस याला अपवाद. टेकलेल्याचा आधार मात्र चित्रात दिसला पाहिजे.

दुसरी गोष्ट, भार एका पायावर आला की त्या बाजूचं कमरेचं हाड वर उचललं जातं आणि त्याच बाजूचा खांदा खाली येतो. कमरेची रेघ आणि खांद्यांची रेघ उलट दिशांना कलतात, कणा मधून वळण घेतो. बहुतेक नवशिके या दोन्ही रेघा समांतर आणि आडव्या काढतात, मग भार दिलेला पाय कुठला हे कळतच नाही. हे पाहायला शिरोळ तालुक्यात खिद्रापूरला जा. कोपेश्वर मंदिराच्या भिंतींवरच्या सुरसुंदरी (देखण्या स्त्रीमूर्ती) बघा. कंबर एकीकडे, धड दुसरीकडे, मान पुन्हा पहिल्या बाजूला, आपल्या शिल्पशास्त्रातला त्रिभंग तो हाच. शिल्पात वळण वाढवून दाखवलेलं असतं, म्हणून नवख्या डोळ्याला ते लवकर सापडतं. फक्त तीन रेघा काढा : खांदे, कंबर, कणा. दागिने नकोत.

ओझं असेल तर तोल ओझ्यासह धरा. उजव्या हातात भरलेली बादली असेल तर धड डावीकडे झुकतं आणि डावा हात अंगापासून लांब जातो. डोक्यावर पाटी असेल तर मान आणि कणा ताठ, झोल फक्त कमरेत.

प्रश्न : आमच्या गल्लीत तालीम आहे. पैलवान काढायचा नाद आहे, पण सगळे स्नायू काढले की पैलवान न दिसता बटाट्याचं पोतं दिसतं. हलतातही फार. काय करू? (शिवाजी पेठ)

उत्तर : नाद चांगला आहे. उघडं, तयार शरीर रोज बघायला मिळणं ही कोल्हापुरातल्या विद्यार्थ्याची चैन आहे. वस्तादांना आधी विचारा, चपला बाहेर काढा, मातीच्या हौद्यापासून लांब भिंतीला बसा.

पोतं दिसतं ते सगळे स्नायू एकाच जोराने काढल्यामुळे. एका वेळी सगळे स्नायू आवळलेले नसतात. कोपर वाकवून ओढ लावली की दंडाच्या पुढचा गोळा आखूड आणि जाड होतो, मागचा स्नायू सैल पडून सपाट दिसतो. हात ताठ करून रेटा दिला की उलट. तेव्हा आधी विचारा, हा आत्ता ओढतोय की ढकलतोय? जो स्नायू काम करतोय त्याची कड ठळक, बाकीच्यांची नुसती छटा. धडाचंही तसंच. एका बाजूला वाकलेल्या पैलवानाची ताणलेली बाजू एका लांब, सरळसोट रेघेत येते आणि दबलेल्या बाजूला घड्या पडतात. दोन्ही बाजूंना सारखे फुगवटे काढले की झालं पोतं.

फुगवटे समोरासमोरही येत नाहीत. पोटरीचा बाहेरचा फुगवटा वर असतो, आतला खाली. घोट्याचं मात्र उलट, आतला घोटा वर आणि बाहेरचा खाली. हे चारच बिंदू नीट ठेवले तरी पाय जिवंत होतो. समोरासमोर ठेवले तर दुधी भोपळा. पैलवानाची मान कानाखालून थेट खांद्यात उतरते, तिथे बारीक गळा काढू नका. जुन्या मल्लाचे कान मोडलेले असतात, तेही नीट पाहा.

हलण्याचं म्हणाल, तर जोर आणि बैठका यांच्यासारखं हलणारं सोयीचं मॉडेल दुसरं नाही, कारण तीच स्थिती काही सेकंदांनी परत येते. एका कागदावर बैठकीच्या तीन जागा आखा : उभा, अर्धा, पूर्ण बसलेला. पैलवान ज्या स्थितीत येईल त्या आकृतीत दोन रेघा घाला, पुढच्या स्थितीला पुढच्या आकृतीत. शंभर बैठका होईपर्यंत तिन्ही आकृत्या पूर्ण होतात. यात घाई नाही आणि आठवणीवर भारही नाही.

लढत काढताना दोन माणसं काढायला जाऊ नका. खडाखडीत, म्हणजे सुरुवातीच्या झटापटीत, दोघांची डोकी-खांदे भिडलेले आणि पाय मागे रोवलेले असतात, बाहेरून पाहिलं तर एक तंबू दिसतो. आधी तो तंबू, मग दोघांच्या मधली मोकळी जागा तिच्या आकारासकट काढा. ती जागा बरोबर आली की हातापायांचा गुंता निम्मा सुटतो. गुडघे वाकलेले, भार चवड्यांवर. टाचा टेकलेला, ताठ गुडघ्यांचा पैलवान कागदावरच चितपट झालेला असतो.

पाय तुमच्या दिशेने पसरून कुणी बसलं असेल तर पायाची लांबी मनात मोजू नका, पेन्सिलीने मोजा. तळवा डोक्याएवढा किंवा मोठा दिसेल आणि मांडी दोन बोटांत संपेल. पटत नसलं तरी तसंच काढा.

प्रश्न : हात जमत नाहीत, म्हणून सगळ्यांचे हात खिशात घालते. (जयसिंगपूर)

उत्तर : पुष्कळ जण हेच करतात! हात बहुधा लहान होतात, आधी ते तपासा. हाताची (मनगटापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत) लांबी हनुवटीपासून कपाळावर केस सुरू होतात तिथपर्यंत असते, स्वतःचा हात चेहऱ्यावर ठेवून बघा. पाऊल त्याहून मोठं, जवळजवळ कोपराच्या खळीपासून मनगटापर्यंतच्या लांबीचं.

बोटं एकेक काढू नका. आधी तळव्याची जाड वडी, मग चारही बोटांचा मिळून एक पंखा, मग बाजूने अंगठ्याची पाचर. अंगठा बोटांच्या रांगेत नसतो, त्याचं नख वेगळ्या दिशेला पाहतं. हाताच्या पाठीकडून पाहिलं तर मधलं बोट हाताच्या निम्मं असतं, तळव्याकडून तेच बोट आखूड दिसतं, कारण बेचक्यांची कातडी पुढे येते. पेरांचे सांधे सरळ ओळीत नसतात, कमानीत असतात. सरळ ओळीत काढले की फावडं दिसतं. रोज स्वतःच्या डाव्या हाताची पाच रेखाटनं करा, हातात काहीतरी धरून : कप, किल्ली, लसणाची पाकळी. मोकळ्या हातापेक्षा वस्तू धरलेला हात सोपा जातो, कारण बोटांना वळायला कारण असतं.

प्रश्न : नऊवारीतल्या बायका काढल्या की आत शरीरच नसल्यासारखं वाटतं. (भुदरगड)

उत्तर : कापडाखालचा गुडघा आणि कंबर आधी फिक्या रेघेने काढा. चुण्या कुठूनही सुटत नाहीत. कापड जिथे ताणलं जातं तिथून सुटतात, म्हणजे खांदा, कमरेची खोच, गुडघा आणि मागचा कासोटा. उभ्या बाईच्या चार-पाच मुख्य चुण्या पुरतात. जिथे कापड अंगाला चिकटतं (पुढे आलेली मांडी, पदराखालचा खांदा) तिथे एकही चुणी नको.

प्रश्न : मोबाइलवरच्या फोटोवरून काढलं तर चालेल का? (राजारामपुरी)

उत्तर : चालेल, पण फोटो तुम्ही काढा आणि नीट काढा. मोबाइलची साधी लेन्स रुंद असते. पाच-सहा फुटांवरून डोळ्याच्या उंचीला धरून अख्खा माणूस टिपला की डोकं मोठं आणि पावलं लहान येतात. 12 ते 15 फूट मागे जा, दुप्पट झूम करा आणि मोबाइल माणसाच्या कमरेच्या उंचीवर धरा. एका बाजूच्या खिडकीचा उजेड घ्या, फ्लॅश बंद. फ्लॅशने सावल्या जातात आणि गोलाई कळत नाही. फोटोवर कागद ठेवून गिरवणं मात्र नको. त्यात हाताला रेघ कळते, डोळ्याला माप कळत नाही.

पुतळे चालतील का, असंही याच पत्रात विचारलं आहे. चालतील, ते हलत नाहीत. पण दसरा चौकातल्या शाहू महाराजांसारखे पुतळे उंच चौथऱ्यावर असतात, खालून पाहिल्यावर डोकं आखडून लहान दिसतं. साडेसातचं प्रमाण तिथे शोधू नका. उभं राहण्याची ढब आणि कपड्यांचा भार तिथे शिका.

प्रश्न : घरात कुणी बसायलाच तयार नाही. (रुईकर कॉलनी)

उत्तर : टीव्हीसमोरची माणसं, झोपलेली माणसं आणि आरसा. बसायला सांगितलंच तर वीस मिनिटांहून जास्त नको, मध्ये पाच मिनिटं सुट्टी द्या. सुट्टीआधी पावलांभोवती आणि खुर्चीच्या पायांभोवती खडूने खूण करा, नाहीतर परत बसल्यावर गुडघा दोन इंच सरकलेला असतो आणि अर्धं चित्र एका माणसाचं, अर्धं दुसऱ्याचं होतं.